द्राक्षांच्या पेटीत आबांचं गाव

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले हे सगळ्यांना ठाऊक आहे. मराठी जिल्हे मुंबईकडे गेले, कानडी म्हैसूरकडे, आणि उरलेले तेलुगू जिल्हे शहरासकट आंध्रात. इतिहासात एवढंच लिहितात. त्याच राज्याचे बोटभर रुंदीचे हजारो तुकडे मी स्वतःच्या हातांनी केले आणि द्राक्षांखाली अंथरले, ते मात्र कुणी लिहिलेलं नाही. म्हणून मी लिहिते.

हैदराबाद शहरातल्या हिमायतनगरात तेव्हा बंगले होते आणि बंगल्यांना बागा होत्या. अशाच एका बंगल्यामागे एका नवाबाचा तबेला होता. घोडे कधीच विकले गेले होते. नवाब कराचीला की लंडनला गेला होता, प्रत्येक जण वेगळं सांगायचा. त्याच्या जुन्या मुन्शीने तबेला भाड्याने घेतला आणि तिथे फळं पेट्यांत भरून परगावी पाठवायचा धंदा काढला. फाटकावर इंग्रजीत पॅकिंग हाऊस अशी पाटी होती. आम्ही बायका मात्र 'तबेल्यात चालले' असंच सांगून घरातून निघायचो, आणि नल्लकुंट्यातल्या आमच्या गल्लीत कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

पावसाळा संपला की सीताफळं, मग मोसंबी, उन्हं तापायला लागली की द्राक्षं आणि शेवटी आंबे. घोड्यांच्या गव्हाणीत गवत टाकायचे तिथे आता फळं ओतली जायची. आम्ही पंधरासोळा जणी दोन्ही बाजूंनी पाटांवर बसायचो. आमची मुकादम माझी आत्या होती, वडिलांची थोरली बहीण. आई मी लहान असताना गेली, तेव्हापासून आत्याच घर चालवत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मोसंब्याला नुसतं अंगठ्याने टेकून ते किती दिवस टिकेल हे ती सांगायची आणि ते खरं निघायचं. माणसांच्या बाबतीतही ती असाच अंगठा टेकायची, आणि तिथेही सहसा चुकत नसे.

द्राक्षांचं काम सगळ्यांत नाजूक. घड देठाला धरायचा, दाण्याला बोट लागता कामा नये. दाण्यांवर पांढरट पावडर असते, तिला मुन्शीजी 'नूर' म्हणायचे. नूर उतरला की मुंबईचा व्यापारी म्हणणार, माल शिळा. मुन्शीजी हातात काठी घेऊन फिरायचे आणि एखादीचं बोट दाण्याला लागलं की हळू आवाजात म्हणायचे, 'नूर नक्को उतारो, बेटा.' ते कुणावर ओरडत नसत. एवढं दुःखी तोंड करायचे की त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं असतं.

लहान कैचीने फुटका, बारका, आंबट दाणा काढायचा, लाकडी पेटीत तळाला कागदाच्या पट्ट्या अंथरायच्या, त्यावर घड, मध्ये पुन्हा पट्ट्या. आणि सगळ्यांत खाली, पट्ट्यांच्याही खाली, भरणारीची चिठ्ठी. ही चिठ्ठी तबेल्याचा धर्म होती. प्रत्येकीला एक नंबर होता. माझा अकरा. पेटी नासकी निघाली तर मुंबईचा व्यापारी तळातली चिठ्ठी काढून पोस्टाने परत पाठवायचा, आणि ज्या नंबरची चिठ्ठी परत येई तिला आठवडाभर द्राक्षांवरून उठवून मोसंबी पुसायला बसवत. ज्यांनी मोसंबी पुसली नाहीत त्यांना यातला अपमान कळायचा नाही. माझी चिठ्ठी दोन हंगामांत एकदाही परत आली नव्हती, आणि हे मी येताजाता सगळ्यांना ऐकवत असे.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. जुन्या राज्यात उर्दू शाळेत शिकले, त्यामुळे उर्दू भराभर वाचायचे. मराठी घरात आणि इंग्रजी मोडकंतोडकं. तबेल्यात उर्दू वाचणारी बाई मी एकटीच. संध्याकाळी मी बायकांच्या कॉलेजात टायपिंग शिकायला जायचे. दिवसभर देठ धरून बोटं इतकी हलकी झाली होती की टाइपरायटरवर अक्षरं उमटत नसत आणि मास्तरीण म्हणायची, जेवून येत जा.

आता आबा. माझे वडील आबिड्सजवळच्या एका सरकारी कचेरीत दफ्तरी होते. दफ्तरी म्हणजे मिसली सांभाळणारा. मिसल म्हणजे फाईल. लाल फडक्यात मिसलींचे बस्ते बांधायचे, मांडणीवर लावायचे, साहेबाने मागितला की नेमका तोच काढून द्यायचा. या कामाचा त्यांना एवढा अभिमान होता की कचेरी त्यांच्यामुळे चालते आणि साहेब वगैरे मंडळी हवा खायला येतात, असं त्यांचं मत होतं. घरी आत्याने डाळीचा डबा हलवला तरी विचारायचे, कुणाच्या हुकमाने? माझं तबेल्यातलं काम त्यांना कमीपणाचं वाटे. फळ आज आहे, उद्या नासतं. कागद राहतो, असं ते सांगायचे. यातलं दुसरं वाक्य लक्षात ठेवा.

राज्य मोडलं ते वर्ष आमच्या घराला जरा जास्तच झालं. पंधरवड्यात आमचा धर्म बदलला आणि राज्यही बदललं. आबा रजा टाकून नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, पांढऱ्या कपड्यांत, डोळे सुजलेले. परत येतात तो कचेरीत निराळीच धांदल. कोण कुठे जाणार, याद्या चालल्या होत्या. चौथ्या वर्गातल्या माणसांना शक्यतो आहेत तिथेच ठेवायचं, पण ज्याचं मूळ गाव मराठी जिल्ह्यात आहे आणि तसं सर्व्हिस बुकात लिहिलेलं आहे, त्याने मागितलं तर त्याला तिकडे पाठवायचं, असा हुकूम निघाला होता. निदान आबांनी तो तसा वाचला होता. आमचं गाव नांदेड जिल्ह्यातलं. आबांनी त्याच दिवशी अर्ज दिला.

त्यांची बाजू मला तेव्हा कळत नव्हती असं नाही. तिकडे आपली माणसं उठली आहेत, शाळा-कॉलेजं निघताहेत, सभा होताहेत, आणि आपण इथे परक्या राज्यात कुणाच्या तरी मिसली बांधत बसायचं का, असं ते म्हणत. गावाचं नाव काढलं की त्यांचा आवाज बदलायचा. नदीचा घाट, वाळूतली कलिंगडं, सगळं सांगायचे. घाटावर आपल्याला जाऊ देत नसत हे आत्या मध्येच आठवण करून द्यायची. 'अरे, तिथं काय ठिवलंय? पुन्हा वेशीच्या भायेर बसतूस?' ती म्हणायची. आबा म्हणायचे, आता कायदा आलाय, आक्का. आत्या म्हणायची, कायदा पायी येतोय, पोचंल तवा पोचंल.

मी बारा वर्षांची असताना एका लग्नाला आम्ही त्या गावी गेलो होतो. आठवडी बाजारात मी एका टोपलीतला पेरू उचलून पाहिला. शहरातली सवय, फळ हातात घेऊन बघायची. विकणाऱ्या बाईने शिवीसुद्धा दिली नाही. तिने सगळी टोपली माझ्यासमोर मातीत उलटी केली आणि आबांकडे बघत बसली. आबांनी सगळे पेरू उपरण्यात गोळा करून घेतले आणि आम्ही ते दोन दिवस खाल्ले. तिथे माझा हात लागला म्हणून टोपली ओतली. तबेल्यात माझा हात लागल्याशिवाय पेटी निघत नव्हती. मुंबईत कुण्या सोवळ्या बाईने एकादशीला जी द्राक्षं खाल्ली, ती आम्ही पंधरासोळा जणींनी भरलेली होती, आणि तिच्या व्रताला काही झालं नाही. मला हैदराबाद सोडायचं नव्हतं. मी हे आबांना एकदाही नीट सांगितलं नाही, नुसती तोंड फुगवून बसायचे. ती माझी चूक, आणि पहिलीच चूक तीच.

ही गडबड द्राक्षांच्या हंगामापर्यंत चालली, आणि तीत आबांना भीती पडली ती सर्व्हिस बुकाची. कचेरीत सगळ्यांची बुकं एका टेबलावर उघडी पडली होती. कोणी तारखा खोडत होतं, कोणी वय कमी करत होतं, कोणाचं बुक गहाळ. आबांचं बुक म्हणजे त्यांची बावीस वर्षांची नोकरी, पुढची पेन्शन आणि मूळ गावाची ती ओळ. ते त्यांनी गुपचूप उचललं आणि सगळ्यांत सुरक्षित जागी ठेवलं. कचेरीत भिंतीवरच्या घड्याळाच्या दुरुस्तीचा एक बस्ता होता. घड्याळ वीस वर्षं बंद होतं आणि त्याचा पत्रव्यवहार त्याहून जुना. तो बस्ता कोणी उघडत नसे. त्यात बुक गेलं.

आता गंमत अशी की जुन्या मिसली रद्दीत काढायची यादी आबांनीच स्वतःच्या सुंदर अक्षरात तयार केली होती, आणि घड्याळाचा बस्ता यादीत पहिला होता. हे त्यांना पूर्ण ठाऊक होतं. पण हैदराबादच्या सरकारात यादी होणं आणि तिच्यावर अंमल होणं यात निदान दहा वर्षं जातात हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. त्या भरवशावर ते निर्धास्त राहिले. नव्या सरकारने तीन आठवड्यांत रद्दी उचलली. आबा आयुष्यात सरकारवर एकदाच रागावले, ते सरकारने काम वेळेवर केलं म्हणून.

ती रद्दी आमच्याकडे आली. त्या वर्षी शहरातल्या कितीतरी कचेऱ्या घर बदलत होत्या आणि मुन्शीजींना कागद स्वस्त मिळत होता. तबेल्यात घोड्यांच्या काळातला कडबा कटर होता, मोठ्या चाकाचा. एक बाई चाक फिरवी, दुसरी मिसली आत सारी, आणि समोर बोटभर रुंदीच्या पट्ट्यांचा ढीग पडे. मला त्या कामात मोठी मजा यायची. एखादी पट्टी उचलून मी मोठ्याने वाचायचे: 'हस्बे हुक्म सरकार', म्हणजे सरकारच्या हुकमाप्रमाणे, आणि पुढे काही नाही. 'आपकी दरख्वास्त नामंजूर', आणि कसली दरख्वास्त ते कळायला मार्ग नाही. बायका हसून लोळायच्या. आत्या म्हणायची, एवढ्या वर्षांत पैल्यांदा सरकार कुणाच्या कामाला आलं.

एका दुपारी फाटकात सायकल आदळल्याचा आवाज झाला. बघते तर आबा. ते तबेल्यात कधी पाऊल टाकत नसत. टोपी नव्हती, शर्ट घामाने चिकटला होता, आणि आल्या आल्या त्यांनी कडबा कटरचं चाक दोन्ही हातांनी धरलं. चाक फिरवणारी बाई घाबरून पळाली. आबा मुन्शीजींना काही सांगायला गेले, पण त्यांच्या तोंडातून नुसतं 'घड्याळ, घड्याळ' एवढंच निघत होतं. मुन्शीजींनी आपल्या खिशातलं घड्याळ काढून त्यांना वेळ सांगितली.

प्रकार कळल्यावर मुन्शीजींनी काम थांबवलं. संध्याकाळी नामपल्ली स्टेशनवर पार्सल पोचवायचं होतं, गव्हाणीत द्राक्षं उघडी पडली होती, तरी थांबवलं. आम्ही सगळ्या रद्दीच्या ढिगात उतरलो. घड्याळाच्या बस्त्याचं लाल फडकं सापडलं, ते रिकामं. मग मलाच ते सर्व्हिस बुक दिसलं. कटरच्या तोंडात अडकलं होतं, पानांचा खालचा अर्धा भाग शाबूत, वरच्या ओळी कापून ढिगात गेलेल्या. वरच्या बाजूने घातल्यामुळे एका पट्टीवर साधारण एक ओळ, एवढंच काय ते नशीब.

आबा खाली बसले आणि रडायला लागले. मी त्यांना नागपूरहून आल्यावरही रडताना पाहिलं नव्हतं, नुसते सुजलेले डोळे पाहिले होते. मला राग आला, कुणाचा ते सांगता येत नाही. आत्याने त्यांच्या पाठीवर एक जोरात थाप मारली आणि म्हणाली, ऊठ, खळ कर. पेट्यांवर लेबलं चिकटवायला आम्ही मैद्याची खळ करायचो. आबांनी खळ शिजवली. बावीस वर्षांत पहिल्यांदा ते फळांच्या धंद्यात उपयोगी पडले.

मग पंधरासोळा बायकांनी ढीग चाळला. उर्दू येत नसलेल्या बायका शाईचा रंग बघून पट्ट्या वेचत होत्या. बुकात निळी-जांभळी शाई होती, बाकी मिसलींत काळी. मी वाचून ओळी लावत होते आणि आत्या त्या लेबलांच्या कोऱ्या पाठीवर चिकटवत होती. नेमणुकीची तारीख सापडली. जन्मतारीख सापडली. उंची, डाव्या भुवईवरचा व्रण, अंगठ्यांचे ठसे, सगळं सापडलं. 'वतन' या रकान्याची ओळ राहिली. उर्दूत वतन म्हणजे मूळ गाव. आमच्या लोकांना वतन म्हटलं की भलतंच आठवतं, तसं इथे काही नाही.

ती ओळ मला सापडली. माझ्या गुडघ्याखाली होती. गाव, तालुका, जिल्हा नांदेड, जुन्या हेडक्लार्कच्या वळणदार अक्षरात. समोर आबा खळीच्या भांड्यात काडी फिरवत होते आणि दर मिनिटाला विचारत होते, मिळाली का, मिळाली का? मी म्हणाले, नाही. पट्टी मी मुठीत धरली.

अंधार पडायच्या आत पेट्या भरायच्या होत्या. मुन्शीजींनी सगळ्यांना परत पाटांवर बसवलं. मूठ उघडली तर शेजारणीला दिसणार. मी माझ्या पहिल्या पेटीत हात घातला आणि तळाला, चिठ्ठीच्या जागी, ती पट्टी ठेवली. अकरा नंबरची चिठ्ठी कमरेला खोचली. वर पट्ट्या, वर घड. घड देठाला धरायचा हे मला कोणी शिकवायला नको होतं, पण त्या दिवशी माझी बोटं दाण्यांना लागली, एक-दोन दाणे दबलेही, आणि मी ते कैचीने काढले नाहीत. खिळे ठोकून पेटी गेली.

चिकटवलेलं बुक घेऊन आबा कचेरीत गेले. बुकाच्या पानांमागे द्राक्षांच्या घडाचं रंगीत चित्र होतं. नव्या साहेबाने ते उलटसुलट करून बघितलं आणि नोकरीची वर्षं मान्य केली. पेन्शन वाचली. बदलीचं मात्र, मूळ गाव कुठे लिहिलंय ते दाखवा म्हणाला. दाखवता येत नसेल तर गावाहून दाखला आणा. महिन्याची मुदत. आबांनी गावच्या पटवाऱ्याला पत्र लिहिलं, मग दुसरं, मग जोडकार्ड, ज्याच्या उत्तराच्या अर्ध्यावर तिकीट आपणच भरलेलं असतं. आमच्या वस्तीतल्या माणसाचं पत्र उघडायची त्या पटवाऱ्याला कधी घाई नव्हती. आबा रोज पोस्टमनची वाट बघायचे. मी रोज जेवायचे, टायपिंगला जायचे आणि झोपायचे. मनाला टोचत होतं, पण झोप लागत होती, हेही खरं सांगते.

मुदत संपायला दोन दिवस उरले होते. तबेल्यात मुंबईच्या व्यापाऱ्याचं पाकीट आलं. एका पेटीत तळाचा घड नासका निघाला म्हणून तक्रार, आणि टाचणीने टोचलेली चिठ्ठी. मुन्शीजींनी चिठ्ठी बघितली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आत्याला बोलावलं आणि पाकीट तिच्या हातात दिलं.

'अम्मा,' ते म्हणाले, 'तुमारे भाई का वतन बंबई से वापस आ गया.'

आत्याने पाकीट कनवटीला लावलं आणि माझ्याकडे बघून अंगठ्याने हवेतच टेकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी द्राक्षांवर बसायला गेले तर तिने मला मोसंब्यांकडे बोट दाखवलं.

त्या दिवशी रविवार होता आणि आम्ही अर्ध्या दिवसाने सुटलो. दुपारी जेवायला बसलो. आबांनी सदऱ्याच्या खिशातून ती पट्टी काढली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली, जिथे मीठ वाढतात तिथे. टाचणीची दोन भोकं होती आणि एका टोकाला द्राक्षाचा वाळलेला रस.

'तुझ्या पेटीची तक्रार आली,' ते म्हणाले.

मला वाटलं ते मारतील. त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, पण त्या वेळी मला ते चाललं असतं. ते आमटीत भाकरी कुस्करून जेवत राहिले. आत्या चुलीकडे तोंड करून बसली होती आणि उगाचच फुंकत होती, चूल विझलेली असताना. जेवण झाल्यावर आबांनी हात धुतला, कोनाड्यातून सर्व्हिस बुक काढून चटईवर ठेवलं आणि त्याच्याशेजारी खळीची वाटी ठेवली. ती सकाळीच करून ठेवलेली होती.

'उद्या शेवटचा दिस. दहाला कचेरी उघडती,' ते म्हणाले. 'मला येती चिकटवता. पण तूच सापडवलीस, तूच चिकटव. वाटलं तर.'

आणि सायकलला तेल घालून आणतो म्हणून निघून गेले.

मला त्यांचा भयंकर राग आला. हे काय वागणं झालं? शिव्या द्या, थोबाडीत मारा, नेऊन टाका त्या गावात, मी रडत का होईना आले असते. एकोणीस वर्षांच्या पोरीसमोर खळ ठेवून तेल घालायला जाणं हा अन्याय होता, असं मला आजही वाटतं. मी त्या वाटीत बोट बुडवलं. बुकातली रिकामी जागा बघितली, बरोबर एका ओळीची. मला उलटी झालेली पेरूंची टोपली दिसत होती आणि आबा वाकून पेरू गोळा करताना दिसत होते. त्यांनाही ती टोपली आठवत असणार. तरी त्यांना तिथेच जायचं होतं, आणि ते का, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

आत्या शेवटी म्हणाली, खळीवर साय धरतीया. तेवढंच. खळीवर साय धरली, मग ती वाळली, आणि वाटीच्या कडेने सुटली. मी पट्टी चिकटवली नाही.

आबा संध्याकाळी आले. वाटी बघितली, बुक बघितलं, वाटी स्वतः घासून पालथी घातली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता ते बुक घेऊन गेले आणि तीन वाजता परत आले, म्हणाले, इथेच ठेवलं. पुढची वीसेक वर्षं त्यांनी त्याच कचेरीत बस्ते बांधले. तेलुगू शिकले, वाईट बोलायचे. तिकडच्या सभांच्या बातम्या मराठी पेपरात दोन दिवस उशिरा वाचायचे. गावाचं नाव काढायचे, पण आवाज बदलत नसे. त्या पट्टीबद्दल ते कधी बोलले नाहीत, आणि मी माफी मागितली नाही, कारण ती मागितली असती तर मी ते केलं हे कबूल करावं लागलं असतं, जणू दोघांनाही ते ठाऊक नव्हतं.

मुन्शीजींचा धंदा पुढे बसला, तबेल्याच्या जागी दुकानं झाली. मी टायपिंगच्या जोरावर सरकारी कारकून झाले. परवा माझ्या नातवाने दुकानातून द्राक्षांचा पुठ्ठ्याचा डबा आणला, आत कागदाच्या कोऱ्या पट्ट्या. मी एक उचलून उलटसुलट केली. तो म्हणाला, 'नानी, उसमें कुछ लिखा नहीं है.' मराठी त्याला वाचता येत नाही, पण हे त्याने बरोबर सांगितलं.

आबा निवृत्त झाले तेव्हा पेन्शनचे कागद मीच भरले. माझं अक्षर त्यांच्या वळणाचं, म्हणून त्यांनी मलाच बसवलं. नाव, हुद्दा, उंची, डाव्या भुवईवरचा व्रण. मग मूळ गावाचा रकाना आला. त्यात काहीही लिहिलं असतं तरी आता कुणी कुठे जाणार नव्हतं. मला त्या पट्टीवरचा शब्दनशब्द पाठ होता. गाव, तालुका, जिल्हा, सगळं मी सावकाश लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

आबांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. 'चिकटवलीस एकदाची,' म्हणाले, आणि खाली सही केली.